रेस्टिक तीन प्रणालींवर: सर्व्हर एक, कॉन्फिगरेशन मात्र ज्याचे त्याला

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान कार्यालयात हिशोबाचे विंडोज संगणक, डिझाइनचे काम करणाऱ्यांचे मॅक आणि एक लिनक्स सर्व्हर आहे. या सर्वांचा बॅकअप रेस्टिक या कमांड लाइन साधनाने एकाच ठिकाणी न्यायचा आहे. लिनक्सवर नीट चालणारी स्क्रिप्ट विंडोजवर आणि मॅकवर नेली की ती कधी अडते, तर कधी चालल्यासारखी दिसते आणि स्नॅपशॉट (म्हणजे एका वेळी घेतलेला बॅकअप) उघडून पाहिल्यावर निम्म्या फायली त्यात सापडत नाहीत. तर एकच स्क्रिप्ट तिन्हीकडे चालेल अशी कशी लिहावी?

माझे उत्तर असे की, तो आग्रहच सोडून द्यावा. रेस्टिक हे गो भाषेत लिहिलेले साधन आहे, ते एकाच एक्झिक्युटेबल फाइलच्या रूपात मिळते आणि इनिट, बॅकअप, स्नॅपशॉट्स, रिस्टोअर या कमांड तिन्ही प्रणालींवर अक्षरशः सारख्या असतात. त्यामुळे एकच स्क्रिप्ट पुरेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कमांड रेस्टिकपर्यंत पोहोचण्याआधी शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) तिच्यावर काय प्रक्रिया करतो, रेस्टिक कोणत्या खात्याच्या अधिकाराने चालते, त्याला कोणते फोल्डर वाचण्याची मुभा आहे आणि ठरलेल्या वेळी संगणक बंद असला तर पुढे काय होते, या चारही गोष्टी प्रणाली ठरवते, रेस्टिक नव्हे. बॅकअप बिघडतो तो बहुतेक वेळा याच चार ठिकाणी. म्हणून सर्व्हर, नावे ठेवण्याची पद्धत आणि जुने स्नॅपशॉट काढण्याचे धोरण समान ठेवावे, आणि क्लायंटचे, म्हणजे बॅकअप पाठवणाऱ्या संगणकाचे, कॉन्फिगरेशन मात्र प्रत्येक प्रणालीच्या रीतीने स्वतंत्र लिहावे.

आधी सर्व्हरबद्दल, कारण तिथला निर्णय पुढे बदलणे जड जाते. रेस्टिकचाच रेस्ट-सर्व्हर (नेटवर्कवरून आलेले बॅकअप साठवणारा प्रोग्राम) लिनक्स यंत्रावर चालवावा, प्रत्येक संगणकाला त्यावर वेगळे खाते द्यावे, खासगी रिपॉझिटरींचा (रिपॉझिटरी म्हणजे बॅकअप साठवण्याचे कोठार) पर्याय चालू ठेवावा, म्हणजे एका खात्याला दुसऱ्याच्या रिपॉझिटरीत पोहोचता येत नाही, आणि फक्त भर घालण्याची मुभा देणारा अपेंड-ओन्ली पर्यायही चालू ठेवावा. सर्वांची मिळून एकच रिपॉझिटरी केली तर समान फायली एकदाच साठवल्या जातात आणि जागा वाचते हे खरे. पण त्या रिपॉझिटरीचा पासवर्ड असलेला प्रत्येक संगणक इतर सर्वांच्या फायली वाचू शकतो, आणि हिशोब व पगारपत्रके असलेल्या कार्यालयात ही सवलत देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अपेंड-ओन्ली पर्यायामुळे खंडणीखोर व्हायरस एखाद्या विंडोज संगणकात शिरला तरी तेथून जुने स्नॅपशॉट पुसता येत नाहीत. अर्थात मग जुने स्नॅपशॉट काढणारी फर्गेट आणि नको झालेला डेटा पुसणारी प्रून या कमांड क्लायंटवरून चालणार नाहीत. त्या सर्व्हरवरच, रिपॉझिटरीच्या स्थानिक मार्गावरून चालवाव्यात, आणि ज्या खात्याने रेस्ट-सर्व्हर चालतो त्याच खात्याने चालवाव्यात. रूट (सर्वाधिकार असलेले खाते) म्हणून प्रून केले तर नव्याने लिहिलेल्या फायलींची मालकी रूटकडे जाते, रेस्ट-सर्व्हरला त्या वाचता येत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सर्व क्लायंट एकाच वेळी त्रुटी दाखवू लागतात.

आता पासवर्ड. इथे दोन पासवर्ड असतात हे प्रथम लक्षात घ्यावे: एक रेस्ट-सर्व्हरवरील खात्याचा आणि दुसरा रिपॉझिटरीच्या कूटबद्धतेचा. पहिला हरवला तर तो सर्व्हरवर बदलता येतो. दुसरा हरवला तर डेटा कायमचा गेला. तो परत मिळवून देणारी कोणतीही खिडकी रेस्टिकमध्ये नाही. म्हणून की-ॲड कमांडने प्रत्येक रिपॉझिटरीला दुसरा पासवर्ड जोडावा आणि तो कागदावर लिहून कार्यालयाबाहेर सुरक्षित ठेवावा. सर्व्हरचा पत्ता लिहिताना त्यातच खाते आणि पासवर्ड घालण्याची सोय असते, पण तो पत्ता कमांडमध्ये लिहिला तर चालू प्रोसेसच्या यादीत इतरांना दिसू शकतो. म्हणून पत्ता रिपॉझिटरी-फाइल या पर्यायाने फाइलमधून द्यावा, आणि कूटबद्धतेचा पासवर्ड पासवर्ड-फाइल या पर्यायाने. या फायली लिनक्स व मॅकवर रूटच्या मालकीच्या आणि फक्त रूटला वाचता येतील अशा असाव्यात. विंडोजवर त्या फाइलच्या परवानग्यांतून वारसा काढून टाकून फक्त सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर यांना प्रवेश ठेवावा.

विंडोजच्या बॅच फाइलमध्ये, म्हणजे कमांड प्रॉम्प्टच्या स्क्रिप्टमध्ये, पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून लिहिणे टाळावे असे मी आवर्जून सांगतो, आणि त्याचे कारण केवळ गोपनीयता नाही. सेट कमांडने लिहिलेल्या ओळीच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहिली तर ती जागा पासवर्डचाच भाग होते. रिपॉझिटरी त्याच बॅच फाइलमधून तयार केली असेल तर सर्व काही सुरळीत चालते, आणि ज्या दिवशी दुसऱ्या संगणकावरून तोच पासवर्ड हाताने टाइप करावा लागतो त्या दिवशी तो चुकीचा ठरतो. पासवर्डमध्ये % हे चिन्ह असेल तर बॅच फाइल त्याला व्हेरिएबलची खूण समजते. लिनक्सच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी चालवायच्या कमांडच्या यादीत) हेच चिन्ह नव्या ओळीची खूण ठरते आणि त्यापुढची कमांड तुटते. फाइलमधून दिलेल्या पासवर्डला यांपैकी काहीही होत नाही, आणि फाइलच्या शेवटी राहिलेली रिकामी ओळ किंवा जागा रेस्टिक स्वतः छाटून टाकते.

आता प्रश्नातल्या मुख्य दुखण्याकडे येतो, म्हणजे मार्ग आणि वगळण्याचे नमुने. समजा टीएमपी विस्ताराच्या सर्व फायली वगळायच्या आहेत आणि लिनक्सवर एक्स्क्लूड पर्यायापुढे तो नमुना एकेरी अवतरणचिन्हांत लिहिला आहे. लिनक्स आणि मॅकचा शेल ती चिन्हे काढून टाकतो आणि आतला नमुना जसाच्या तसा रेस्टिकला देतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला मात्र एकेरी अवतरणचिन्ह हे अवतरणचिन्ह म्हणून ठाऊकच नाही. तो ते नमुन्याचाच भाग म्हणून पुढे ढकलतो, रेस्टिक नावाच्या सुरुवातीला आणि शेवटी अवतरणचिन्ह असलेल्या फायली शोधते, तशी एकही सापडत नाही आणि त्रुटीही येत नाही. पॉवरशेलमध्ये पुन्हा तेच एकेरी चिन्ह चालते. याच्या उलट दुहेरी अवतरणचिन्ह कमांड प्रॉम्प्टवर चालते, पण मार्गाच्या शेवटी उलटी तिरकी रेघ ठेवून लगेच चिन्ह बंद केले तर ती रेघ त्या बंद चिन्हालाच निकामी करते आणि पुढचे सगळे पर्याय त्या एका मार्गाच्या पोटात जातात.

या सगळ्यावर उपाय सोपा आहे: नमुने आणि मार्ग कमांडमध्ये लिहूच नयेत. काय घ्यायचे त्याची एक फाइल फाइल्स-फ्रॉम या पर्यायाने द्यावी, काय वगळायचे त्याची दुसरी एक्स्क्लूड-फाइल या पर्यायाने. फाइलमधला मजकूर शेलच्या हाती लागत नाही, त्यामुळे कमांड आखूड राहते आणि सर्वत्र सारखी दिसते. विंडोजसाठी आय-एक्स्क्लूड-फाइल हा लहान-मोठ्या लिपीचा भेद न मानणारा प्रकार वापरावा. याद्या मात्र प्रत्येक प्रणालीच्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमधली टेम्प आणि ब्राउझरची कॅशे, मॅकच्या लायब्ररी फोल्डरमधली कॅशेस आणि लिनक्सवरचे प्रॉक, सिस व रन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लिनक्सवर मुळापासून बॅकअप घ्यायचा असेल तर वन-फाइल-सिस्टिम हा पर्याय द्यावा, पण होम वेगळ्या विभाजनावर असेल तर ते यादीत स्वतंत्रपणे लिहावे, कारण हा पर्याय दुसऱ्या फाइल-प्रणालीत पाऊल टाकत नाही.

मराठीत नावे दिलेल्या फायली आणि फोल्डर असतील, आणि आपल्याकडच्या कार्यालयांत त्या असतातच, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली बॅच फाइलची. ती यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली असली तरी कमांड प्रॉम्प्ट ती जुन्या कोड पेजनुसार (अक्षरांच्या जुन्या संकेत-तक्त्यानुसार) वाचतो आणि देवनागरी मार्गाची अक्षरे विस्कटतात. मार्ग वर सांगितलेल्या यादीच्या फाइलमध्ये ठेवला की हा त्रास उरत नाही. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या प्रती’ अशा नावाचे फोल्डर वगळायचे आहे असे समजा. यातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते: एका स्वतंत्र संकेताने, किंवा र आणि त्यामागून नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण साठवलेले बाइट वेगळे असतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-प्रणाली अशा नावांची फोड करून ती दुसऱ्या रीतीने साठवते, आणि तेथून नव्या डिस्कवर नक्कल केलेल्या फायली तेच रूप घेऊन येतात. वगळण्याच्या यादीत आपण कळफलकावरून पहिल्या रीतीचे अक्षर टाइप केलेले असते. नमुना जुळत नाही आणि फोल्डर बॅकअपमध्ये जात राहते. अशा ठिकाणी नावाने वगळण्याऐवजी त्या फोल्डरमध्ये एक ठरावीक नावाची रिकामी खूण-फाइल ठेवावी आणि एक्स्क्लूड-इफ-प्रेझेंट या पर्यायाला ते नाव द्यावे. फोल्डरचे नाव उद्या बदलले तरी हे टिकते.

यानंतर चालवणारे खाते आणि वेळापत्रक. विंडोजवर टास्क शेड्युलरमध्ये सिस्टिम खात्याने, सर्वोच्च अधिकारांसह काम लावावे. यूज-एफएस-स्नॅपशॉट हा पर्याय दिला की रेस्टिक विंडोजच्या व्हॉल्यूम शॅडो कॉपी सेवेकडून गोठवलेली प्रत मागते आणि उघड्या असलेल्या फायलीही वाचता येतात. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. हिशोबाचे सॉफ्टवेअर दिवसभर उघडे असते, तेव्हा हा पर्याय हिशोबाच्या संगणकांवर मी सक्तीचा मानतो. तरीही गोठवलेल्या प्रतीतला हिशोब म्हणजे वीज अचानक गेल्यावर डिस्कवर जसा सापडेल तसा हिशोब, हे विसरू नये. त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप रोज एका फोल्डरमध्ये काढून तो फोल्डरही यादीत घालावा. वापरकर्त्याने जोडलेली नेटवर्क ड्राइव्हची अक्षरे सिस्टिम खात्याला दिसत नाहीत. त्यामुळे हाताने चालवल्यावर जाणारा बॅकअप रात्री अडतो. तो डेटा ज्या यंत्रावर प्रत्यक्ष आहे तेथूनच घेणे उत्तम.

टास्क शेड्युलरच्या दोन मूळ सेटिंग बदलायलाच हव्यात. लॅपटॉप विजेला जोडलेला असेल तरच काम सुरू करावे ही खूण आधीपासून लावलेली असते, आणि वेळ टळल्यास शक्य तितक्या लवकर काम सुरू करावे ही खूण आधीपासून काढलेली असते. या दोन खुणा तशाच राहिल्या तर बॅगेत ये-जा करणाऱ्या लॅपटॉपचा बॅकअप अनेक आठवडे होत नाही आणि कोणालाही कळत नाही.

मॅकवर अडचण वेगळ्या जातीची आहे. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून मॅकओएसने खासगी डेटाभोवती परवानग्यांचे कुंपण घातले आणि २०१९ च्या कॅटालिनामध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व डाउनलोड्स ही फोल्डरही त्यात आली. हे कुंपण रूट खात्यालाही लागू आहे, आणि लिनक्सच्या सवयीने विचार करणाऱ्यांना हे चटकन पटत नाही. टर्मिनलला फुल डिस्क ॲक्सेस दिलेला असेल तर त्यातून चालवलेले रेस्टिक सर्व वाचते. तेच रेस्टिक लाँचडीने (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या मॅकच्या सेवेने) रात्री चालवले की डॉक्युमेंट्सवर परवानगी नसल्याची त्रुटी येते. परवानगी रेस्टिकच्या एक्झिक्युटेबललाच द्यावी आणि लाँचडीच्या पीलिस्ट या सेटिंग फाइलमधून थेट रेस्टिक चालवावे. मध्ये बॅश स्क्रिप्ट घातली तर परवानगी बॅशला द्यावी लागते, आणि मग त्या यंत्रावरची प्रत्येक स्क्रिप्ट सर्व डिस्क वाचू शकते. ही किंमत मोजू नये. रेस्टिकची नवी आवृत्ती बसवल्यावर ही परवानगी टिकली आहे का ते हटकून पाहावे. पीलिस्टमध्ये एक्झिक्युटेबलचा पूर्ण मार्ग लिहावा, कारण होमब्रू हे सॉफ्टवेअर बसवणारे साधन रेस्टिक ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ऑप्ट फोल्डरखाली आणि इंटेलवर यूएसआर-लोकल फोल्डरखाली बसवते, आणि लाँचडीच्या मूळ शोधमार्गात ही दोन्ही ठिकाणे नसतात. मॅक झोपलेला असताना वेळ टळली तर जागे झाल्यावर लाँचडी ते काम एकदा चालवते, पण मॅक पूर्ण बंद असेल तर ती पाळी चुकते. म्हणून मॅकसाठी मी रात्रीची नव्हे तर दुपारच्या जेवणाची वेळ निवडतो.

लिनक्सचे काम तुलनेने सरळ आहे. सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाची एक सर्व्हिस आणि एक टायमर लिहावा, टायमरमध्ये पर्सिस्टंट हे सेटिंग चालू ठेवावे, म्हणजे यंत्र बंद असताना टळलेली पाळी ते सुरू झाल्यावर भरून निघते. सिस्टिम सर्व्हिसमध्ये होम हे व्हेरिएबल नसू शकते, आणि मग रेस्टिकला कॅशे कुठे ठेवावी ते कळत नाही. कॅशे-डिर पर्यायाने जागा दाखवावी. डेटाबेसच्या फायली थेट उचलू नयेत. डंप, म्हणजे डेटाबेसमधून बाहेर काढलेली प्रत, काढणारी कमांड रेस्टिकच्या स्टडीन-फ्रॉम-कमांड या पर्यायातून चालवावी, कारण त्यात डंप अर्धवट फसला तर रेस्टिक स्नॅपशॉट न करता त्रुटी देते. साध्या पाइपमध्ये फसलेल्या डंपचा अर्धा तुकडा यशस्वी बॅकअप म्हणून साठवला जाऊ शकतो.

तिन्हीकडे होस्ट पर्यायाने संगणकाचे नाव ठरवून द्यावे. मॅकचे नाव नेटवर्कनुसार बदलू शकते आणि विंडोजचे आपोआप ठेवलेले नाव पुन्हा स्थापना केल्यावर बदलते. रेस्टिक मागचा स्नॅपशॉट होस्ट आणि मार्ग यांवरून शोधते. तो सापडला नाही तर सर्व फायली नव्याने वाचते आणि जुने स्नॅपशॉट काढताना त्यांचा वेगळाच गट मानते, म्हणजे जुन्या नावाचे स्नॅपशॉट साचत राहतात.

एक्झिट कोडकडे, म्हणजे कमांड संपताना देते त्या आकड्याकडे, येतो. शून्य म्हणजे सर्व ठीक, एक म्हणजे बॅकअप झालाच नाही, आणि तीन म्हणजे स्नॅपशॉट झाला पण काही फायली वाचता आल्या नाहीत. मॅकवर परवानगी गेली किंवा विंडोजवर फाइल कुलूपबंद असली की हाच तीन येतो. बॅशमध्ये पहिल्या त्रुटीला थांबण्याचे सेटिंग असेल तर सूचना पाठवण्याआधीच स्क्रिप्ट संपते. पॉवरशेलचा ट्राय-कॅच बाहेरच्या प्रोग्रामचा एक्झिट कोड पकडत नाही. तो लास्ट-एक्झिट-कोड या व्हेरिएबलमधून स्वतः वाचावा लागतो. तीनला यश मानून गप्प बसवण्याची युक्ती सुचवली जाते. ती मला मान्य नाही. ज्या फाइलमुळे तीन येतो ती एकतर वाचण्याजोगी करावी किंवा विचारपूर्वक वगळावी. पण क्लायंटच्या सूचनेवरही पूर्ण विसंबू नये, कारण जो क्लायंट चाललाच नाही तो तक्रारही करत नाही. सर्व्हरवर रोज सकाळी प्रत्येक रिपॉझिटरीतील शेवटच्या स्नॅपशॉटची तारीख पाहणारी लहानशी स्क्रिप्ट ठेवावी आणि ती तारीख कामाच्या दोन दिवसांपेक्षा जुनी असली की मेल पाठवावा.

राहिला रिस्टोअर. चेक कमांडला रीड-डेटा-सबसेट हा पर्याय देऊन दरमहा रिपॉझिटरीचा बारावा हिस्सा वाचून घ्यावा, म्हणजे वर्षभरात सगळा डेटा एकदा तपासला जातो. पण त्याने फक्त साठवलेले शाबूत असल्याचे कळते. हवे ते साठवले आहे का हे रिस्टोअर केल्याशिवाय कळत नाही. विंडोजच्या स्नॅपशॉटमध्ये सी ड्राइव्हचा मार्ग तिरक्या रेघेने सुरू होतो आणि त्यात कोलन नसतो. इन्क्लूड पर्यायात विंडोजच्या सवयीने मार्ग लिहिला तर काहीच परत येत नाही, म्हणून आधी एलएस कमांडने स्नॅपशॉटमधला मार्ग पाहून तोच उतरवावा. माउंट कमांडने स्नॅपशॉट फोल्डरसारखा उघडण्याची सोय लिनक्सवर आणि मॅकफ्यूज बसवल्यास मॅकवर मिळते, विंडोजवर नाही.

विंडोजचा बॅकअप लिनक्स सर्व्हरवर रिस्टोअर करून पाहणे सोयीचे वाटते, पण मराठी नावांच्या बाबतीत तिथे एक मर्यादा आड येते. विंडोजच्या एनटीएफएस फाइल-प्रणालीवर फाइलच्या नावाला २५५ संकेतांची मुभा आहे. लिनक्सच्या एक्स्ट-फोरवर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे मात्रा, अनुस्वार आणि हलन्त धरून फक्त ८५ संकेत. शासकीय पत्राचा संपूर्ण विषयच फाइलचे नाव म्हणून ठेवण्याची पद्धत असलेल्या कार्यालयात ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि नेमक्या त्या फायली लिनक्सवर उतरत नाहीत. त्या रिपॉझिटरीत सुखरूप असतात. अशा वेळी डंप कमांडला आर्काइव्ह पर्यायात झिप सांगून ते फोल्डर एकाच झिप फाइलमध्ये काढावे आणि ती विंडोजवर नेऊन उघडावी.